पाणपोईचं तोरण

माझ्या हाताचा मला अभिमान आहे. असं उघड लिहिलेलं लोकांना आवडत नाही, बाईनं लिहिलेलं तर मुळीच नाही. पण साठी उलटल्यावर आता खोटी नम्रता कुणासाठी दाखवायची? क्रोशाची सुई हातात असली की मी बोलता बोलता विणते, भांडता भांडता विणते, आणि टाका चुकत नाही. बीडला ज्या दुकानातून मी लोकर आणते, तो दुकानदार नवीन रंग आला की आधी मला फोन करतो. आता बोला.

आमचं गाव केजच्या रस्त्यावर. गाव म्हणावं तर मोठं आणि शहर म्हणावं तर बसस्टँडसुद्धा नाही. फाट्यावर एसटी थांबते आणि जीपवाले ओरडत असतात, एवढंच. या गावात मी तीस वर्षं अंगणवाडी चालवली. गावातले अर्धेअधिक तरुण माझ्या पदराला नाक पुसत मोठे झालेत. त्यामुळं मी कुणालाही काहीही बोलू शकते असा माझा समज आहे, आणि अजून तरी तो कुणी खोटा ठरवलेला नाही.

निवृत्त झाल्यावर घरात बसून भिंती बघवेनात. म्हणून आमच्या वस्तीतल्या समाजमंदिरात विणकामाचा वर्ग सुरू केला. दुपारी दोन ते चार. फी नाही, लोकर आपापली आणायची. आमची वस्ती बौद्धांची. सुरुवातीला सगळ्या वस्तीतल्याच पोरी. गावातल्या बायका वेशीपर्यंत यायच्या आणि तिथूनच निरोप पाठवायच्या, अमुक नमुना लिहून द्या म्हणून. मी कशाला देतेय? शिकायचं असेल तर येऊन बसा म्हटलं. मग एका लग्नात आमच्या वस्तीतल्या पोरीचं रुखवत मांडलं होतं. नवरीकडच्यांनी हातानं केलेल्या वस्तू मांडायच्या आणि सगळ्या गावानं येऊन नावं ठेवायची, असा तो प्रकार. त्यात तिनं विणलेलं लोकरीचं तोरण होतं, पोपटांच्या रांगेचं. नावं ठेवायला आलेल्या बायकांनी तोंडात बोटं घातली. पुढच्या महिन्यात गावातल्या चार जणी समाजमंदिराच्या पायऱ्या चढून आत आल्या. जातीपेक्षा तोरण भारी ठरलं.

त्यातच वहिनी आल्या. माजी सरपंचांच्या पत्नी. सगळं गाव त्यांना वहिनी म्हणतं, म्हणून मीही म्हणते. मोठं घर, मोठं कुंकू, बोलणं कमी. दोन वर्षं त्या घरून पाण्याची बाटली घेऊन यायच्या. आमच्या माठाकडं कधी बघितलं नाही. मला ते दिसत होतं, आणि मला दिसतंय हे त्यांनाही कळत होतं. पण टाके त्यांचे एकसारखे, मोजून घातल्यासारखे. मी कारागिराला माफ करते, माणसाला नंतर बघते. असो.

आता पाणपोईवालीबद्दल सांगते.

फाट्यावर एक जुनी पाणपोई आहे. कुणीतरी आपल्या वडिलांच्या आठवणीसाठी बांधलेली. तीन भिंती, वर पत्रा, खाली फरशी, समोरून उघडी. नळ केव्हाच कोरडे पडलेत. त्या पाणपोईत दोन वर्षांपूर्वी एक बाई येऊन राहिली. आधी ती ऊसतोडीला जायची. ऊसतोडीत नवरा-बायको दोघं मिळून एक कोयता धरतात. नवरा गेला तसा तिचा कोयता अर्धा झाला, आणि अर्ध्या कोयत्याला टोळीचा कुणी मुकादम आगाऊ उचल देत नाही. गावी दिराच्या घरात एक खोली होती, तीही त्यांनी दाणे साठवायला घेतली. दिवाळीनंतर कारखान्याला जाणाऱ्या गाड्या आमच्या फाट्यावरून निघतात. कुणी ना कुणी टोळीत घेईल या आशेनं ती फाट्यावर आली. कुणी घेतलं नाही. ती राहिली. हॉटेलातली भांडी घासायची, कुणाच्या शेतात निंदायला जायची, आणि संध्याकाळी पाणपोईत येऊन टेकायची.

खरं सांगायचं तर मीही तिला एकदा हटकलं होतं. उन्हाळ्यात ती समाजमंदिराच्या ओट्यावर सावलीला बसली होती. इथं बसू नकोस, वर्गाच्या बायका यायच्यात, असं मी म्हटलं. ती उठून गेली. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. आता वाटतं.

यंदा दिवाळी झाल्यावर ती स्वतःच वर्गाच्या दाराशी आली. आत आली नाही, चौकटीला धरून उभी राहिली. सरकारी घरकुलाची पाहणी चालू झाली होती. ज्यांना घर नाही त्यांची नावं घ्यायला तालुक्याहून एक माणूस मोबाइल घेऊन गावोगाव फिरत होता. राहत्या जागेसमोर अर्जदाराचा फोटो काढायचा आणि नाव भरायचं, अशी पद्धत. तो आमच्या फाट्यावरही येऊन गेला होता. ही तेव्हा भांडी घासायला गेलती. त्यानं पाणपोईत डोकावून बघितलं. एक बोचकं, दोन विटा आणि एक पातेलं. इथं कुणी राहत नाही, असं म्हणून तो पुढं गेला. ही धावत मागं गेली तर म्हणाला, मावशी, पाणपोई ही काय राहती जागा असते का? राहता असं दिसायला तरी पाहिजे. सुटलेल्या लोकांसाठी महिन्या-दीड महिन्यानं परत एक चक्कर मारणार होता. ती शेवटची. त्यानंतर यादी बंद.

"बाई, मी राहती असं दिसंल, असा कायतरी अर्ज लिवून द्या," ती म्हणाली.

अर्ज मी दिला लिहून. पण लिहिताना माझ्या लक्षात आलं की या अर्जाला काडीची किंमत नाही. अर्ज वाचून कुणाला काही दिसत नाही. बघायला येणाऱ्या माणसाला डोळ्यांनी दिसायला पाहिजे. अंगाचा नुसता तिळपापड झाला माझा. दोन वर्षं एक बाई भर फाट्यावर झोपते, हजार लोक रोज तिच्यासमोरून जातात, आणि ती राहते हे दिसत नाही म्हणे!

त्याच आठवड्यात वर्गातल्या एका पोरीनं फोनवर एक व्हिडिओ दाखवला. परदेशातल्या कुठल्याशा गावात बायकांनी झाडांना स्वेटर घातले होते. खांबांना, बाकड्यांना, पुलाच्या कठड्याला, सगळ्याला रंगीबेरंगी लोकर. ज्यांना घर नाही त्यांच्याकडं लोकांनी बघावं म्हणून. आमच्या बायका आधी पोट धरून हसल्या. झाडाला कशापायी स्वेटर, झाड काय कुडकुडतंय का, असं एकीनं विचारलं. मग हसणं ओसरलं. वहिनी खाली मान घालून विणत होत्या, त्या म्हणाल्या की कुडकुडणारं माणूस तर आपल्या फाट्यावरच आहे.  मग मीच म्हटलं, ठरलं.

काय विणायचं यावर फार डोकं चालवावं लागलं नाही. घर आहे हे आमच्याकडं कशावरून कळतं? दारावरच्या तोरणावरून. पालात राहणारी बाईसुद्धा सणाला पालाच्या तोंडाशी दोन पानं खोचते. म्हणून पाणपोईला तोरण. दाराचं माप घ्यायला गेलो तर दारच नाही, सगळी समोरची बाजू उघडी. आठ हात भरली. आठ हातांचं तोरण मीसुद्धा जन्मात विणलं नव्हतं. वर्गात आम्ही अकरा जणी. प्रत्येकीला एक पट्टी वाटून दिली. लाल जमीन, त्यावर हिरवे पोपट, खाली पिवळ्या झुंबरांची झालर, मध्ये मोती. कुणाचा खांब, म्हणजे उभा टाका, सैल पडला तर मी उसवायला लावत होते. एकीनं तीनदा उसवलं आणि चौथ्यांदा रडली. मी म्हटलं रड, पण घट्ट विण.

अठरा दिवसांत तोरण झालं. पट्ट्या जोडून सगळ्या जणी ते डोक्यावर धरून फाट्यावर घेऊन गेलो. जीपवाल्यांनी हॉर्न वाजवले. हॉटेलवाल्यानं शिडी दिली. पाणपोईच्या पत्र्याखाली ते लावलं आणि लांब रस्त्यापलीकडं जाऊन बघितलं. काय सांगू, त्या धुळीच्या, पत्र्याच्या, पिचकाऱ्यांच्या फाट्यावर ते नवरीसारखं दिसत होतं. पाणपोईवाली खाली उभी राहून वर बघत होती. मला वाटलं, आता आंधळ्यालाही दिसेल.

चूक तिथंच झाली, आणि ती अकरा जणींपैकी एकीच्याही डोक्यात आली नाही.

घरावर तोरण असतं हे खरं. पण आमच्याकडं नवस फेडायलाही देवाला तोरण बांधतात. ज्या जागेला दार नाही, ओटा आहे आणि वर एवढं मोठं तोरण आहे, ती जागा बघून लोकांना घर सुचत नाही. देव सुचतो. दुसऱ्या दिवशी पहाटे कारखान्याला निघालेल्या एका गाडीवाल्यानं कुणाचा तरी मोठा नवस फेडलेला दिसतोय असं समजून तिथं नारळ फोडला. त्याचं बघून दुसऱ्यानं उदबत्ती लावली. चौथ्या दिवशी आत, बरोबर तिच्या अंथरुणाच्या जागी, शेंदूर लावलेला दगड. कुणी आणून ठेवला ते शेवटपर्यंत कळलं नाही. आठव्या दिवशी फाट्यावरच्या पोरांनी भगवी पताका लावली आणि बोचकं उचलून बाहेर, गटारीच्या कडेला ठेवलं. प्रेमानं ठेवलं बरं का. मावशी, देवासमोर झोपू नये, एवढंच म्हणाले.

तोरण लागलं त्याच संध्याकाळी मी आठ दिवसांसाठी लेकीकडं परळीला गेलते. परत आले, जीपमधून उतरले आणि बघते तर काय. लोक चपला काढून पाया पडतायत. आणि ही बाहेर थंडीत, गटारीला पाठ लावून, गुडघ्यात डोकं घालून बसलेली.  तिला घर आहे असं दाखवायला निघालो आणि तिच्याकडं जेवढं होतं तेवढंही आम्ही देवाला देऊन टाकलं होतं.

तिची काही तक्रार नव्हती, हे आणखी वाईट. ती म्हणाली की आता कुणी हटकत नाही, प्रसाद मिळतो, झाडलोट करते. थंडी वाजते एवढंच. आणि तो पाहणीवाला यायला दोन आठवडे राहिलेत, आता त्याला काय दाखवायचं, असं तिनं मला अगदी सहज विचारलं.  त्या रात्री मला भाकरी गेली नाही.

दगड उचलून बाजूला ठेवायला मला एक मिनिट लागलं नसतं. पण मी कोण? जयभीमवाली बाई. मी त्या दगडाला हात लावला असता तर संध्याकाळपर्यंत ती गोष्ट केजला पोचली असती, आणि सकाळपर्यंत आमच्या वस्तीच्या तोंडाशी पोलिसांची गाडी उभी राहिली असती. अशा गोष्टी मी लहानपणापासून बघितल्यात. मी रागीट आहे, येडी न्हाई. आणि पाया पडणाऱ्या माणसांवर माझा राग नव्हता. त्यांनी तोरण बघितलं, त्यांच्या रीतीप्रमाणं वागले. मी माझ्या तोऱ्यात त्यांची रीत विसरले होते.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी हे सगळं सांगितलं.  एकीनं सुचवलं तोरण काढून आणू. काढलं तरी देव तिथंच राहणार होता. दुसरी म्हणाली फाट्यावरच्या पोरांशी बोलू. ती पोरं ऐकणार नव्हती. वहिनींनी सुई बाजूला ठेवली आणि मला विचारलं, "त्या बाईची झोपायची जागा नेमकी कुठं व्हती, भिंतीकडं की पुढं?" मी सांगितलं, भिंतीकडं, आता दगड आहे बरोबर तिथंच. त्या उठल्या. जाताना आमच्या माठातलं पाणी पेल्यात घेतलं, उभ्या उभ्या प्यायल्या, आणि गेल्या. 

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला, म्हणजे फाटा भरलेला असतानाच, वहिनी पाणपोईवर आल्या. नाकात नथ, डोक्यावरून पदर, हातात पूजेचं ताट. मी रस्त्यापलीकडं हॉटेलच्या बाकड्यावर. जवळ जायचं नाही हे माझं मीच ठरवलं होतं. त्यांनी दगडाला पाणी घातलं, हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला. फाट्यावरची पोरं हात जोडून उभी. मोठ्या घरच्या वहिनी पूजेला आल्यात म्हटल्यावर कोण बोलतंय? मग त्यांनी आपल्या पदराची ओटी पसरली, दगड दोन्ही हातांनी उचलून त्यात घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"देवा, तुला गावात घर हाय. हिला न्हाई. चल."

आणि चालायला लागल्या. फाट्यापासून देवळापर्यंत चांगला एक किलोमीटर. पोटाशी दगड धरून ती बाई तेवढं अंतर अनवाणी चालली. पोरं आधी बघत राहिली, मग त्यातल्याच एकानं पताका काढून खांद्यावर घेतली आणि मागं निघाला. मग बाकीचे. जीपवाल्याच्या टेपवर कुणीतरी आरती लावली. देवळाच्या ओट्यावर पुजाऱ्यानं जागा करून दिली. देव वाजतगाजत आपल्या घरी गेला आणि पाणपोई मोकळी झाली. कुणाच्या नखालाही धक्का लागला नाही. मी बाकड्यावर बसून रडले. हॉटेलवाल्यानं न मागता चहा आणून ठेवला.

बारा दिवस उरले होते. आता मात्र मी अर्धवट काम करणार नव्हते. नुसत्या तोरणानं झालेला घोळ पुन्हा नको. बघणाऱ्याला संसार दिसला पाहिजे. तोरणाखाली समोरची उघडी बाजू पूर्ण विणून बंद करायची, एका अंगाला दार, एका अंगाला खिडकी, असं मी सांगितलं. एवढी लोकर विकत आणायची कुठून? घरोघरचे जुने स्वेटर, मफलर, पोरांची टोपडी गोळा केली आणि उसवली. वस्तीतून आली, गावातून आली. ज्या घरांनी आयुष्यात एकमेकांकडचा चहा घेतला नव्हता त्यांची लोकर एका गुंड्यात गुंडाळली गेली. त्याचे वीतभर चौकोन विणायचे आणि चौकोनाला चौकोन जोडायचा. बायका शेतात बांधावर विणत होत्या, रेशनच्या रांगेत विणत होत्या. पाणपोईवालीला मी वर्गात बोलावलं, आत, सतरंजीवर. तिला सुई धरता येत नव्हती. पण उसाच्या मोळ्या बांधून बांधून तिच्या बोटांत जी गाठ बसली होती तशी गाठ आमच्यात कुणाला येत नव्हती. चौकोन जोडायचं सगळं काम तिनंच केलं. तिची जोडणी मी ओढून बघितली, निघाली नाही.

दारावर काय लिहायचं यावर मात्र दोन दुपार वाद झाला. अक्षरं विणायची तर कमी शब्द पाहिजेत. एक पोर म्हणाली, बेघर, एवढंच लिहू, बातमीत तसंच असतं. तेव्हा पाणपोईवालीनं पहिल्यांदाच मान वर केली आणि म्हणाली की मी बेघर कावून? मी हितंच तर ऱ्हाती.  शेवटी पांढऱ्या लोकरीत वीतवीतभर अक्षरं विणली: इथं माणूस राहतं.

ती लोकरीची भिंत उभी राहिली त्या दिवशीचा फाटा मी विसरणार नाही. शेकडो चौकोन, एकासारखा दुसरा नाही. कुणाच्या शाळेच्या स्वेटरचा निळा, कुणाच्या बाळंतविड्याचा गुलाबी, वहिनींच्या सासऱ्यांच्या मफलरचा तपकिरी. खिडकीला खरी कडी लावलेली. एसटीच्या चालकानं गाडी थांबवून वाचलं, मागच्या प्रवाशांनी डोकी बाहेर काढून वाचलं. कॉलेजच्या पोरी फोटो काढायला आल्या, बीडच्या एका वर्तमानपत्राचा माणूस येऊन गेला. या आधी लोक पाणपोईवरून नजर फिरवत पुढं जायचे. आता थांबून विचारायला लागले, कोण राहतं, कधीपासून, कावून? एकानं विटांची चूल घालून दिली, एकानं दिवा आणून दिला. आणि आमच्याच गावात अजून कोण कोण असं राहतं हे लोक एकमेकांना सांगायला लागले. पुलाखाली दोघं आहेत, जुन्या गोदामाच्या ओट्यावर एक म्हातारा आहे. सगळ्यांनी रोज बघितलेलं, कुणीच न बोललेलं. मी छाती पुढं काढून फिरत होते. का फिरू नये? आमच्या अकरा जणींच्या हातांनी हे केलं होतं, बारावी ती.

मग तो पाहणीवाला आला. मोटारसायकल लावली, डोळे बारीक करून दारावरचं वाचलं, दोनदा वाचलं. मी तासाभरापासून तिथंच घुटमळत होते. वहिनीही आल्या होत्या, वर्गातल्या चार-पाच जणी होत्या. पाणपोईवाली आत होती. तिनं लुगडं धुऊन नेसलं होतं. तो माणूस दार बाजूला सारून बुटांसकट आत जायला निघाला, तेव्हा आतून तिचा आवाज आला.

"भाऊ, बूट भाईर काढा. फरशी पुसलीय."

तो थबकला. मग कडेच्या दगडावर बसला आणि बुटांचे बंद सोडायला लागला. आम्ही सगळ्यांनी गुपचूप चपला काढल्या. आयुष्यभर जिला लोकांनी हट म्हटलं, ती आता लोकांना सांगत होती की आत यायचं तर कसं यायचं.  वाटलं, झालं, आपलं काम झालं.

त्यानं तिला दारासमोर उभं करून फोटो काढला. आत जाऊन चूल बघितली, अंथरूण बघितलं. मग मोबाइलवर बोट ठेवून विचारलं, "नाव सांगा."

अंगणवाडीत तीस वर्षं मीच सगळ्या पोरांची नावं सांगत आले. सवयीनं माझं तोंड उघडलं. आणि उघडंच राहिलं. मला माहीत नव्हतं. मी वहिनींकडं बघितलं, त्या खाली बघत होत्या. वर्गातल्या पोरींकडं बघितलं. एकीलाही माहीत नव्हतं. अर्ज मी माझ्या हातानं लिहिला होता. वर नाव येतं तिथं 'अर्जदार' लिहून जागा सोडली होती, नंतर भरू म्हणून, आणि ते राहूनच गेलं. आमच्या सतरंजीवर ती बारा दिवस बसली, तिच्या गाठी मी ओढून बघितल्या, तिच्या दारावर वीतभर अक्षरांत माणूस लिहिलं, आणि त्या माणसाला नाव काय, हे एवढ्या बोलक्या बाईनं एकदाही विचारलं नव्हतं. दोन वर्षं सगळा गाव तिला पाणपोईवाली म्हणत होता आणि मीही तेच म्हणत होते.

तिनं स्वतःच सांगितलं. आधी स्वतःचं, मग नवऱ्याचं, मग आडनाव. शाळेत पहिल्यांदा उभं केलेल्या मुलीसारखं, हात सरळ ठेवून. त्याला नीट ऐकू आलं नाही तर परत सांगितलं, जरा मोठ्यानं. लई चांगलं नाव आहे. माझी मान खाली गेली होती, ती मी मुद्दाम वर केली, कारण ती माझ्याकडं बघून हसत होती.

घर अजून मंजूर व्हायचंय. नाव मात्र यादीत आलंय, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागलंय. ते मी इथं लिहीत नाही. ज्याला पाहिजे असेल त्यानं आमच्या फाट्यावर उतरावं, बाहेर चपला काढाव्यात आणि तिलाच विचारावं.